न छापलेले साठ तास

मंडळी, बारावीपर्यंत क्लासवाल्यांनी वेळापत्रक आखलं, आपण पाळलं. पदवीला हिशोब वेगळा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास. चार क्रेडिटच्या थिअरी विषयाला १२० झाले. त्यात लेक्चरचे साधारण ६०. उरलेले ६० वेळापत्रकात छापलेलेच नसतात! दोन लेक्चरमधला वेळ ‘ऑफ’ समजून आम्हीही कॅन्टीन गाठायचो (खोटं कशाला बोला), आणि पहिल्याच सत्रात आमच्यातल्या काहींना केटी लागली. तेव्हा उद्याचं प्रकरण आजच लायब्ररीत बसून वाचा. अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. लेक्चर संपलं की सरांना, मॅडमना नेमकं तेवढंच विचारा. ‘नोट्स देणार का?’ हे मात्र नको. त्या तुम्हीच काढायच्या, त्यासाठीच तर ते ६० तास.