उंदीर मारण्याआधी पिसू मारा



कांद्याची गाडी रात्री सोलापूरच्या यार्डात लागते, लिलाव सकाळी. मग आपण तिथंच पोत्यांच्या थप्पीला टेकून, रिकामा बारदाना अंगाखाली घेऊन पडतो. सकाळी वजन होतं, पट्टी हातात येते, उरलेला बारदाना गाडीत टाकून आपण घरी. घरी तो ओसरीवर पडतो आणि पोरं त्यावर खेळतात.

आजचा मेसेज त्या बारदान्याबद्दल आहे. जरा लांब आहे, पण घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

उंदरानं किती धान्य खाल्लं, याचा हिशेब आपण पोत्यात करतो. पण उंदीर कधी एकटा येत नाही. त्याच्या केसांत पिसवा असतात. द्राक्षावर लाल कोळी येतो ना, त्याच कुळातले बारीक कोळी अंगावर असतात. ते माणसाला चावले की नुसती खाजच सुटते असं नाही, काहींच्या चाव्यातून तापाचा आजारही होतो. आतड्यात जंत असतात, मूत्रपिंडात रोगाचे जंतू. शहरात गटार, सडका माल आणि दाटी, त्यामुळे एका उंदराचं दुसऱ्याला लगेच लागतं. बाजारपेठ म्हटली की उंदीर-घुशी आल्याच. आपण मात्र शहर आणि गाव यांच्यामध्ये रोज ये-जा करणारी माणसं, आपल्याबरोबर पोती फिरतात.

*आधी पिसूचं बघू.*

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना अजून आठवत असेल. त्यानंतर पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरायला लागले. मग घराघरात पिसवा चावू लागल्या. मग माणसांना ताप आला आणि जांघेत, काखेत गाठी उठल्या. तो गाठीचा प्लेग होता. तपास करणाऱ्यांनी दुवा असा मांडला की भूकंपाच्या भीतीनं लोक घराबाहेर राहायला गेले, धान्य मात्र आत बंद घरात राहिलं, आणि त्यावर उंदीर वाढले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. २००२ साली हिमाचलात आणि २००४ साली उत्तराखंडात छोट्या साथी आल्या. आज आपल्याकडे प्लेग नाही, घाबरायचं कारण नाही. पण मामल्याचा क्रम लक्षात ठेवा: आधी उंदीर मेले, मग पिसवा आल्या, मग माणूस आजारी पडला.

असं का होतं? पिसू उंदराचं रक्त पिऊन जगते. उंदीर जिवंत आहे, गरम आहे, तोवर ती त्याला सोडत नाही. तो मेला, अंग गार पडलं, की ती दुसरं गरम अंग शोधते. जवळ दुसरा उंदीर नसेल तर तुमचा पाय. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं हेच प्रयोगातून दाखवलं. पुढे १९०५-०६ च्या सुमारास मुंबईत प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे टांगले गेले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या जनावरांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्यांना झाला नाही. पिसूची उडी तेवढी उंच जातच नाही.

आपल्या आजे-पणज्यांना हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

म्हणून आपल्या कामाच्या दोन गोष्टी. यार्डात किंवा गोडाऊनमध्ये जमिनीवर झोपू नका, गाडीच्या हौद्यात झोपा नाहीतर खाट टाका. आणि घरात पिसवा चावत असतील तर थेट उंदराचं औषध टाकू नका. उंदीर मेले की त्यांच्या सगळ्या पिसवा एकदम मोकळ्या होतात. आधी बिळाच्या तोंडाशी आणि उंदराच्या वाटेवर पिसवांची भुकटी, उंदरांचा बंदोबस्त त्यानंतर. कोणती भुकटी, किती आणि किती दिवस, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सेवकाला विचारा. डाळिंबावरचं उरलेलं औषध घरात मारायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, मलाही होती. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा, काठीनं उचला, पिशवीत बांधा, खोल खड्ड्यात पुरा. आणि औषध टाकलेलं नसताना चार-पाच उंदीर मेलेले दिसले, तर पुरून मोकळे होऊ नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा.

*आता लघवीचं.* सध्या आपल्याला खरा धोका याचाच आहे.

लेप्टोस्पायरा नावाचा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदराला काही होत नाही, पण त्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात कित्येक दिवस टिकतो. पायाला भेग, हाताला उसाच्या पात्याची चीर, एवढी वाट त्याला पुरते. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याच तापानं बरीच माणसं गेली. आपल्याकडे पूर नको, रात्री उसाला पाणी धरताना अनवाणी उभं राहिलं तरी पुरे. पावसात यार्डातल्या डबक्यातून चपलेवर गेलात तरी तेच. गमबूट घाला. जखमेवर पट्टी बांधून पाण्यात उतरा.

खरी अडचण वेळेची आहे. ताप बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर आपण डबकं विसरलेले असतो. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून तीन दिवस काढले, तर पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडावर बेततं. सुरुवातीलाच गाठलं तर साध्या अँटिबायोटिकनं माणूस बरा होतो. डॉक्टर विचारोत न विचारोत, तुम्ही सांगा: “दहा दिवसांपूर्वी साचलेल्या पाण्यात काम केलं, तिथं उंदीर आहेत.” हे एक वाक्य तपासाची दिशा बदलतं.

*लहान मुलांसाठी एक.* उंदराच्या आतड्यातला एक चपटा जंत धान्यातून आपल्याकडे येतो. उंदराच्या लेंड्यांत त्याची अंडी असतात. पिठातले लालसर किडे त्या लेंड्या खातात आणि जंताची अळी त्यांच्या पोटात वाढते. पोरगं कच्चं पीठ किंवा डब्यातले दाणे तोंडात टाकतं, सोबत किडाही जातो. भाजलेल्या भाकरीतून काही होत नाही, अळी मरते. मुलाचं पोट वरचेवर दुखत असेल, भूक मंदावली असेल, तर शौचाची तपासणी करून घ्या. शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी इतर जंतांसाठी चांगली आहे, ती घ्यायचीच. या जंतावर मात्र डॉक्टर सहसा प्रॅझिक्वान्टेल देतात.

बाजारातून आलेला बारदाना घराबाहेरच झटका, दिवसभर कडक उन्हात पसरा, मग आत घ्या. पोती जमिनीवर न ठेवता दीड-दोन फूट उंच फळ्यांवर रचा आणि भिंतीपासून हातभर जागा सोडा, म्हणजे उंदराची वाट आणि लेंड्या दिसतात. झाडताना धूळ उडवू नका, आधी पाणी शिंपडा.

तापाबद्दल शंका असेल तर १०४ या शासकीय आरोग्य हेल्पलाईनला फोन करा, माणूस गंभीर असेल तर १०८. साठवणीबद्दल काही विचारायचं असेल तर याच नंबरवर व्हॉईस मेसेज टाका. पोत्यांच्या थप्पीचा फोटो पाठवलात तर आणखी चांगलं.