टुरिस्ट व्हिसावर उमरा चालतो, हज चालत नाही : सौदीचे नियम नीट समजून घेऊ

नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर या आमच्या पट्ट्यात हिवाळा लागला की दोन गोष्टी सुरू होतात. एक ऊसतोड आणि दुसरी उमऱ्याची चौकशी. कारखान्याचे बिल खात्यात जमा झाले की घरातली मोठी माणसे विचारू लागतात, ‘यंदा जमेल का रे?’ मग मुलगा मोबाइलवर शोधतो, जावई कुणाला तरी फोन लावतो, आणि संध्याकाळपर्यंत घरात चार वेगवेगळी उत्तरे जमा होतात. एक म्हणतो टुरिस्ट व्हिसा काढा, स्वस्त पडतो. दुसरा म्हणतो नको, उमऱ्याचाच हवा. तिसरा सांगतो की व्हिजिट व्हिसावर जाऊन हजपर्यंत थांबता येते. या तिसऱ्यापासून सावध राहा, त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

वाडीच्या घाटावर पौर्णिमेला हजारो माणसे येतात, त्यांना कुणी कागद विचारत नाही. मक्का-मदिनेचा प्रवास मात्र आधी कागदावर होतो, मग विमानात. आणि हे कागदाचे नियम गेल्या सहा-सात वर्षांत इतक्या वेळा बदलले की शेजारच्या खालाने तीन वर्षांपूर्वी जसे केले तसे आपण करावे, हे आता चालत नाही.

आधी थोडा मागचा धागा. सौदी अरेबियाने पर्यटकांसाठी टुरिस्ट व्हिसा सुरू केला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. तोपर्यंत तिकडे जायचे तर हज, उमरा, नोकरी, व्यापार किंवा नातेवाइकांची भेट, एवढेच रस्ते होते. २०१९ साली ४९ देशांच्या नागरिकांना घरबसल्या ऑनलाइन ई-व्हिसा मिळू लागला. त्या यादीत भारत नव्हता. सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे. यूट्यूबवर लंडनचा किंवा मलेशियाचा कुणी भाऊ दाखवतो की पाच मिनिटांत व्हिसा आला. त्याचा पासपोर्ट वेगळा, आपला वेगळा. व्हिडिओ खोटा नसतो, तो आपल्यासाठी नसतो, इतकेच.

मग भारतीय पासपोर्टवाल्याला काय मिळते? ज्याच्याकडे अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा आहे आणि तो किमान एकदा वापरून त्या देशात जाऊन आल्याचा शिक्का पासपोर्टवर आहे, त्याला सौदीचा टुरिस्ट व्हिसा सोप्या रस्त्याने मिळू शकतो. दुबई, कतार, कुवेत अशा आखाती देशांत रीतसर राहणाऱ्या भारतीयांनाही ई-व्हिसाची सोय आहे, मात्र त्यांचे तिथले रहिवासाचे कार्ड किमान तीन महिने चालू असावे लागते. या दोन्हींत न बसणाऱ्या आपल्यासारख्या सर्वसाधारण माणसाने टुरिस्ट व्हिसासाठी व्हीएफएस तशील या केंद्रात अर्ज करायचा. तिथे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला स्वतः जावे लागते. आपल्याला जवळचे केंद्र म्हणजे मुंबई. घरात सत्तर वर्षांच्या आजी असतील तर त्यांना फक्त ठशांसाठी रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसने नेऊन आणायचे का, हा हिशेब आधी करा. पॅकेजमध्ये वाचलेले दोन-चार हजार तिथेच जातात.

उमऱ्याचा व्हिसा हा वेगळा रस्ता आहे. तो एजंटमार्फत किंवा सौदी सरकारच्या नुसुक या व्यवस्थेतून निघतो. पासपोर्टवर स्टिकर लागत नाही, कागद मेलवर येतो. २०२२ पासून या व्हिसावर तीन महिन्यांपर्यंत राहता येते. पूर्वी मुदत एक महिन्याची होती. आणि मक्का, मदिना, जेद्दा एवढ्यापुरतेच बंधन होते, तेही उठले. आता उमऱ्याच्या व्हिसावर रियाधला राहणाऱ्या भावाकडेही जाता येते. म्हणजे नुसत्या फिरण्यासाठी वेगळा टुरिस्ट व्हिसा काढायची गरज बहुतेक घरांना नाहीच.

२०२५ च्या जूनपासून एक अट वाढली. हॉटेलचे बुकिंग नुसुकच्या प्रणालीत नोंदलेले असल्याशिवाय उमऱ्याचा व्हिसा निघत नाही. ‘आधी व्हिसा काढतो, हॉटेलचे तिकडे गेल्यावर बघू’ असे कुणी म्हणत असेल तर त्याला विचारा की नोंद कशी दाखवणार. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक बदल आला. व्हिसा निघाल्यापासून एक महिन्याच्या आत सौदीत पाऊल ठेवले नाही तर व्हिसा रद्द होतो. पूर्वी यासाठी तीन महिने मिळत. लक्षात घ्या, राहण्याची मुदत तीन महिने आहे ती आहेच, आत जाण्याची मुदत एक महिना झाली. या दोन मुदतींची गल्लत खूप जण करतात. तेव्हा तिकिटाची तारीख पक्की झाल्यावरच व्हिसा काढायला सांगा.

टुरिस्ट व्हिसावर उमरा होतो का? होतो. सौदीच्या हज-उमरा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की कोणत्याही प्रकारच्या व्हिसावर आलेल्या मुसलमानाला उमरा करता येतो. टुरिस्ट असो, नातेवाइकांच्या भेटीचा असो, नोकरीचा असो किंवा ट्रान्झिट असो. सौदिया किंवा फ्लायनासच्या विमानाने तिसऱ्या देशात जाताना ९६ तासांचा थांबा घेता येतो, त्यातही उमरा उरकता येतो. लंडन-अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांना ही सोय चांगली आहे. ठशांचे मुंबईचे हेलपाटे टाळायचे असतील आणि हेतू उमऱ्याचाच असेल, तर आमचे मत साधे आहे : उमऱ्याचाच व्हिसा घ्या.

शिवाय फेब्रुवारी २०२५ पासून सौदीने भारतासह १४ देशांसाठी वर्षभर ये-जा करण्याचा व्हिसा देणे थांबवले आणि एका वेळचा, ३० दिवसांचा व्हिसा देऊ लागले. ‘एकदा काढला की वर्षभर कितीही वेळा जा’ अशी जाहिरात आजही कुठे कुठे दिसते. ती जुनी आहे की मुद्दाम ठेवलेली आहे, हे अल्लाहला माहीत.

हे असे का केले, याचे कारण हज. आणि आता त्या तिसऱ्या सल्ल्याकडे येऊ.

उमरा कोणत्याही व्हिसावर होतो, हज होत नाही. हजला हजचाच व्हिसा आणि हजचाच परवाना लागतो. भारतातून त्याचे दोनच दरवाजे आहेत : हज कमिटी ऑफ इंडिया, नाहीतर सरकारकडे नोंद असलेले खासगी हज ग्रुप ऑर्गनायझर. २०२५ साली भारताचा कोटा १,७५,०२५ होता. त्यातल्या १,२२,५१८ जागा हज कमिटीकडे आणि ५२ हजारांवर जागा खासगी ऑपरेटरांकडे होत्या. त्या वर्षी खासगी कोट्यातल्या बहुसंख्य जागा वेळेत करार न झाल्याने हातच्या गेल्या आणि शेवटी १० हजारांच्या आसपासच माघारी मिळाल्या. पैसे भरून बसलेली कितीतरी घरे तशीच राहिली. अशा वेळी कुणी कानात सांगतो, ‘व्हिजिट व्हिसावर चला, रमजानमध्ये जाऊ, हज करूनच येऊ.’ आयुष्यभर वाट पाहिलेल्या माणसाला ते ऐकावेसे वाटते. त्याला मूर्ख ठरवू नका. पण पुढे काय होते ते त्याला समजावून सांगा.

२०२५ च्या हजला सौदीने लावलेला दंड असा होता : परवान्याशिवाय हज करणाऱ्याला २० हजार रियालपर्यंत, म्हणजे आपले साडेचार लाखांच्या आसपास. अशा माणसासाठी व्हिजिट व्हिसा काढून देणाऱ्याला एक लाख रियालपर्यंत. तिकडे नोकरी करणारा आपला मुलगा किंवा भाचा जर आई-वडिलांना व्हिजिट व्हिसावर बोलावून हजपर्यंत ठेवून घेत असेल, तर हा मोठा दंड त्याच्यावर येतो. मुदत उलटून थांबलेल्यांना देशाबाहेर काढून दहा वर्षे प्रवेशबंदी. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, ते सांगायला नको.

दंडाचे सोडा, जिवाचे बघा. २०२४ च्या हजला मक्केत पारा ५० अंशांच्या पुढे गेला होता. १,३०१ जण वारले, असे सौदी सरकारनेच सांगितले. त्यातले ८३ टक्के परवाना नसलेले होते. परवाना नसलेल्याला एअर कंडिशन तंबू नाही, बस नाही, नाव नोंदलेले नाही. उन्हातून मैलोन्‌मैल चालायचे आणि वर पोलिसाची भीती. हे वाचून कुणाला राग आला तरी चालेल, पण ही माणसे कुठल्या तरी गावातून अशाच सल्ल्यावर गेली होती.

याच कारणाने हजच्या आधी उमरावाल्यांना बाहेर पडावे लागते. २०२५ मध्ये उमऱ्यासाठी आत जाण्याचा शेवटचा दिवस १३ एप्रिल होता आणि बाहेर पडण्याचा २९ एप्रिल. इस्लामी हिशेबाने १५ शव्वाल आणि १ जिल्कद. इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणून रमजानमध्ये व्हिसा मिळाला आणि त्यावर तीन महिने लिहिले असले, तरी तुम्हाला तीन महिने नाहीत. जिल्कद लागण्याआधी परतायचे. मुले ईदनंतरच्या सुट्टीत जायचे ठरवतात, त्यांनी हे आधी बघावे.

आता पासपोर्ट. आमच्याकडे शाळेत दरवर्षी कुणी ना कुणी दाखला मागायला येतो, तेव्हा कळते की खरी अडचण व्हिसाच्या आधीच सुरू झालेली असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या किती घरांतली ट्रंक पाण्यात गेली, त्याची गणती नाही. दाखला गेला असेल तर ज्या शाळेत शिकलात तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते, त्यावरून दुसरी प्रत मिळते. शाळा बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा, रजिस्टर कुठे गेले ते तिथे समजते. जन्मतारीख १ जून असेल तर दचकू नका. आपल्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख गुरुजींनी १ जूनच लिहिली आहे! फक्त आधार, पॅन आणि पासपोर्टवर ती एकच असू द्या.

नावाचे तसेच. दाखल्यावर महंमद, आधारवर मोहम्मद, पॅनवर नुसते एमडी. पासपोर्टवर जसे आहे तसेच अक्षर न अक्षर तिकीट आणि व्हिसावर हवे. जुन्या पासपोर्टवर बायकांचे नुसते एकच नाव असते, आडनावाची जागा रिकामी. सौदीला जाताना वाटेत दुबई किंवा शारजाला मुलाकडे चार दिवस उतरायचे असेल तर हे अडते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून टुरिस्ट आणि व्हिजिट व्हिसावर एकाच शब्दाचे नाव असलेल्यांना प्रवेश बंद केला. नंतर सवलत एवढीच दिली की पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल. त्यापेक्षा पासपोर्ट नव्याने काढतानाच मुजावर, नदाफ, बागवान, जे असेल ते आडनाव घालून घ्यावे. त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही, कोल्हापुरात पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होते. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, हे तर आता लहान पोरालाही माहीत आहे, तरी दरवर्षी एक तरी जण त्यात अडकतो.

बहिणी विचारतात, मेहरमशिवाय जाता येते का? सौदी सरकारच्या बाजूने अडचण नाही. २०२२ साली त्यांच्या हजमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले की स्त्रीला मेहरमची सक्ती नाही. भारतातही हज कमिटी २०१८ पासून ४५ वर्षांपुढच्या बायकांना चार-चारच्या गटाने मेहरमशिवाय पाठवते. पण व्हिसाचा नियम आणि मसला या दोन गोष्टी आहेत. आपल्या घाटावर बहुतेक घरे हनफी, कोकणात शाफई, आणि दोन्हींत या बाबतीत मत वेगळे आहे. ते आपल्या मौलानासाहेबांना विचारा, एजंटला नको.

मेंदूज्वराची लस, एसीडब्ल्यूवाय म्हणतात ती, जाण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि तिचे कार्ड जवळ ठेवायचे. सौदी आरोग्य मंत्रालयाच्या उमऱ्याच्या यादीत ती आहे. विमानतळावर कधी बघतात, कधी बघत नाहीत. मदिनेत रियाजुल जन्नामध्ये नमाज पढायची वेळ नुसुक ॲपवर घ्यावी लागते. मोठ्या माणसांच्या मोबाइलमध्ये ते ॲप इथूनच टाकून, एकदा उघडून दाखवून पाठवा. तिकडे रात्री दोन वाजता फोनवरून शिकवणे फार अवघड जाते.

पैसे देण्याआधी एजंटकडून तीन गोष्टी कागदावर घ्या : व्हिसाचा प्रकार कोणता, हॉटेलचे नाव काय आणि हरमपासून किती अंतरावर, आणि व्हिसा नाकारला तर पैसे किती परत. व्हिसा हातात आला की त्यावर प्रकाराची ओळ वाचा. तिथे उमरा लिहिले आहे की व्हिजिट, हे इंग्रजीत स्पष्ट असते. सौदी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून तो खरा आहे का हेही बघता येते. दहावीतली मुलगीसुद्धा पाच मिनिटांत बघून देईल.

सामानाचे एक राहिले. वाडीची कवठाची बर्फी खुशाल न्या, तिकडच्या नातेवाइकांना आवडते. पण खसखस नेऊ नका. सौदीत ती अमली पदार्थांत धरतात, नुसती पुडी सापडली तरी पकडतात. आपल्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात बऱ्याचदा खसखस असते. जाणाऱ्यांसाठी वेगळा, बिनखसखशीचा मसाला कांडून घ्या. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या सोबत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी गोळ्यांच्या पाकिटालाच रबर लावून ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.