माजाँगमधली सोयरीक

ज्या घरात रमी खेळली जाते तिथे जपानी माजाँग समजावून सांगणे फारसे अवघड नाही. पत्त्यांऐवजी १३६ सोंगट्या, प्रत्येक चित्राच्या चार. हातात तेरा, एक ओढायची, एक टाकायची. तीन-तीनांचे चार गट आणि एक जोडी जुळली की डाव पुरा.

पण डाव पुरा झाला म्हणजे जिंकलो असे नव्हे बरे का! हातात निदान एक ‘याकू’, म्हणजे नियमाने मानलेली खासियत, हवी. ओसाकाला नोकरीनिमित्त राहत होतो तेव्हा घरमालकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी मला हे बजावले. याकूची किंमत ‘हान’मध्ये मोजतात, आणि हान बेरजेने नव्हे, दुपटीने वाढतात. दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर साधा डाव लागला तर एका हानाचे १,००० गुण, दोहोंचे २,०००, तिहींचे ३,९००, चोहोंचे ७,७००. पाचव्याला मात्र ८,०००वर कुंपण पडते.

खरी मौज आहे ती याकूंच्या पत्रिका जुळण्यात. ‘तान्याओ’त एक्का, नव्वा, वारे आणि ड्रॅगन वर्ज्य. ‘पिन्फू’त चारही गट ओळीचे, आणि शेवटची सोंगटी दोन्ही टोकांनी चालणारी. मधले आकडे ओळीत सहज बसतात, म्हणून ही दोघे सख्खी मैत्रिणी! उलट ड्रॅगनची तिकडी स्वतः एक हान देते, पण आल्याबरोबर या दोघींना घराबाहेर काढते. शिवाय दुसऱ्याची सोंगटी उचलून गट केलात की हात उघडा पडतो. पिन्फू गेला, ‘रीची’ही गेली. रीची म्हणजे झाकला हात एका सोंगटीवर आला की हजार गुणांची काडी पुढे ठेवून तसे जाहीर करणे. हाही एक याकूच.

उरला ‘डोरा’, बक्षिसाची सोंगटी. भिंतीतली एक सोंगटी उलटी करून ठेवतात. तिच्या पुढची ती डोरा. दर डोऱ्याला एक हान. पण डोरा याकू नव्हे. तीन डोरे हातात आणि याकू एकही नाही, तर गाठीला पैसा असून पंगतीत पाट नाही! रीची करून जिंकणाऱ्याला खालची सोंगटीही उलटून पाहता येते.

एका रात्री शेवटच्या डावात बाई पहिल्या खेळाडूच्या ६,००० मागे होत्या. रीची, तान्याओ, पिन्फू, तिन्ही जुळलेली, डोरा नाही. हवी ती सोंगटी तिसऱ्याने टाकली. घेतली तर ३,९००; तरीही २,१०० कमीच. सोडली तर मग दुसऱ्या कोणाचीही घेता येणार नव्हती. स्वतःच ओढायला हवी. तशी मिळाली तर एक हान वाढून तिघांकडून मिळून ५,२०० येणार, त्यातले निदान १,३०० पहिल्याच्याच खिशातून, आणि फरक भरून निघणार. पण बाईंच्या वाट्याला दोनच ओढी उरल्या होत्या.

बाईंनी सोंगटी घेतली. आता खालचा एक डोरा लागला असता तरी ७,७०० होऊन बाजी उलटली असती.

उलटली तो निघाला पश्चिमेचा वारा. डोरा झाला उत्तरेचा. तान्याओच्या हातात वारा यायचा कुठून! बाई दुसऱ्या आल्या. त्यांनी सोंगट्या गोळा करून पेटीत भरल्या आणि मला म्हणाल्या, “उद्या लवकर या. पुन्हा बसू.”