डॉक्टर होण्याआधीचे घर

आपल्यापैकी अनेकांची भाचरे-पुतणी आज अमेरिकेत वाढत आहेत, आणि त्यांतील काहींना आपलाच व्यवसाय पत्करावयाचा आहे. साहजिकच सल्ल्यासाठी फोन येतात. कॅलिफोर्नियातील माझ्या भाचीने एकदा विचारले, "मामा, सॅन डिएगोच्या विद्यापीठात पसंतीक्रमात कुठलं कॉलेज वर घालू?" क्षणाचाही विलंब न लावता मी म्हणालो, "ज्यात विज्ञान जास्त, ते!" ती शांतपणे उत्तरली, "अरे मामा, केमिस्ट्री सगळीकडे एकच आहे. निबंध तेवढे वेगळे आहेत."

माझे उत्तर आपल्याकडील अनुभवातून आले होते. बारावी संपताच आपण एम.बी.बी.एस.ला गेलो आणि पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहिलो. तेथे आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. 'प्री-मेड' हा पदवीचा विषय नव्हे. तो केवळ संकल्प असतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र हे अपेक्षित विषय पूर्ण करून मुख्य विषय कोणताही घेता येतो.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या परंपरेतील निवासी महाविद्यालयांची कल्पना अमेरिकेत काही विद्यापीठांनी स्वीकारली. येल विद्यापीठात २०१७ पासून अशी १४ महाविद्यालये आहेत; परंतु तेथे विद्यार्थ्यास महाविद्यालय नेमून दिले जाते. सॅन डिएगो येथे मात्र विद्यार्थी पसंतीक्रम देतो. १९६४ मध्ये रेव्हेलपासून सुरू झालेली ही मालिका २०२३ मध्ये आठव्या महाविद्यालयापर्यंत पोहोचली. मुख्य विषय कोणत्याही महाविद्यालयातून घेता येतो आणि विज्ञानाचे वर्गही सामाईकच असतात. भेद असतो तो वसतिगृहाचा, सल्लागारांचा आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे सर्वसाधारण शिक्षणाच्या सक्तीच्या विषयांचा. रेव्हेलमध्ये गणित-विज्ञानाबरोबर मानव्यविद्येचे भरीव वाचन-लेखन असते. म्युअरमध्ये निवडीस अधिक वाव असतो. रूझवेल्टचा भर जगाच्या इतिहासावर, तर मार्शलचा समाज, संस्कृती व न्याय यांवर आहे.

या भेदाला महत्त्व का द्यावे? २०२३ मध्ये अमेरिकेतील एम.डी. महाविद्यालयांसाठी ५२ हजारांहून अधिक अर्जदार होते आणि प्रत्यक्ष दाखल झाले सुमारे २३ हजार. अर्जात विज्ञानविषयांची सरासरी वेगळी दाखविली जाते, तशीच सर्व विषयांची एकत्रित सरासरीही. म्हणजे इतिहासाच्या निबंधाचे गुणही हिशेबात येतात. त्यातच तेथील सत्र अवघ्या दहा आठवड्यांचे. सेंद्रिय रसायनाची परीक्षा आणि नावडत्या विषयाचा प्रदीर्घ निबंध एकाच आठवड्यात आले, तर हुशार मुलाचीही दमछाक होते.

म्हणून 'सर्वांत सोपे' कॉलेज शोधावे काय? तेही मला पटत नाही. एमकॅट या प्रवेशपरीक्षेच्या चार विभागांपैकी एक संपूर्णपणे वाचन व तर्कविचाराचा असून त्यातील उतारे मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांतील असतात. २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही स्वतंत्र विभाग आहे. निबंधापासून पळ काढणारा विद्यार्थी येथे अडखळण्याचा संभव अधिक. शिवाय रुग्णाच्या मातेचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची सवय केवळ रसायनशास्त्र लावत नाही, हे मी बालरोगतज्ज्ञ या नात्याने रोज अनुभवतो.

तेव्हा माझा सुधारित सल्ला असा : प्रत्येक महाविद्यालयाच्या सक्तीच्या विषयांची त्या वर्षीची यादी मुलाने स्वतः वाचावी, हे नियम बदलत असतात. त्यांपैकी कोणते विषय आपल्या मुख्य विषयाच्या अभ्यासातच भागतात, हे मोजावे. उरलेल्यांपैकी कोणते आपण सक्ती नसतानाही वाचले असते, ते पाहावे. पसंतीक्रमाचा विद्यापीठातील प्रवेशाशी संबंध नसतो. म्हणून तो डावपेच म्हणून लावू नये. आणि पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सतरा-अठरा वर्षांचे मूल प्रथमच घर सोडते, तेव्हा झोप, जेवण आणि दार ठोठावता येईल असा शेजारी या तीन गोष्टी त्याला गुणपत्रिकेइतक्याच तारून नेतात.

भाचीने रूझवेल्ट वर घातले. लहानपणापासून तिला इतिहासाचे वेड. मामाला ते आठवले नव्हते, तिला मात्र आठवले.