शहरी नदीतील यंत्रनौकांचा वेग व ध्वनी : थेम्सच्या नियमनाचा परिचय

लंडनमधून वाहणाऱ्या थेम्स नदीवर नोकरदारांच्या जलदगती बोटी, पर्यटकांच्या नौका, मालवाहू पडाव, वल्हेकऱ्यांच्या अरुंद होड्या आणि कायम वस्तीच्या घरनौका एकाच पात्रात वावरतात. एकाची सोय ही येथे दुसऱ्याची अडचण ठरते. हा पेच कायद्याने कसा हाताळला आहे आणि त्यामागील शास्त्रीय आधार कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थेम्सचे नियमन टेडिंग्टन येथील जलपाशापाशी दुभंगते. त्याच्या वरच्या बाजूस भरती-ओहोटी नाही. तेथे एन्व्हायर्नमेंट एजन्सीची ताशी 8 किलोमीटरची, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाच्या गतीएवढी मर्यादा आहे. खालचा भरतीचा प्रवाह 1909 साली स्थापन झालेल्या पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीकडे येतो. वाँड्सवर्थ पुलाच्या वर 8 नॉट, तर त्या पुलापासून पूर्वेस मार्गरेटनेसपर्यंत 12 नॉट अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. (दोन्ही संस्थांचा आकडा 8 असला तरी एकक निराळे आहे; 8 नॉट म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटर.) टॉवर ब्रिजच्या पूर्वेस, जेथे पात्र रुंदावते, तेथे परवानाप्राप्त जलदगती नौकांना याहून अधिक वेगाची मुभा मिळते.

या मर्यादांचे मर्म बोटीमागे उठणाऱ्या लाटांत आहे. खोल पाण्यात बोटीबरोबर चालणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 8 किलोमीटर वेगास ती सुमारे 3 मीटर, 8 नॉटला सुमारे 11 मीटर आणि 12 नॉटला 24 मीटरच्या पुढे जाते. लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी झाली की बोट स्वतःच उभारलेल्या लाटेवर चढू पाहते. इंधन जळते, परंतु वेग फारसा वाढत नाही आणि लाटा मात्र उंचावतात. लाटेतील ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दुप्पट उंचीची लाट काठावर चौपट ऊर्जा घेऊन आदळते. मातीचा काठ खचणे, बांधलेल्या घरनौकांना हिसके बसणे, वल्ह्याच्या होडीत पाणी शिरणे हे सारे त्यातून घडते. लंडनच्या मध्यभागी दोन्ही तीरांस दगडी भिंती असल्याने लाट विरत नाही, परतून येते.

यावरून मर्यादा कमी केली की प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पाण्यावर उचलली जाणारी सपाट तळाची बोट मध्यम वेगात सर्वाधिक लाटा उठवते. पूर्ण वेगातील बोट अर्धवट मंदावली तर त्रास वाढू शकतो. उलट अरुंद जुळ्या तळांची कॅटमरान त्याच वेगात कमी लाटा करते. लंडनमध्ये 1999 पासून चालणारी थेम्स क्लिपर्सची सेवा अशा नौकांवर उभी आहे. म्हणून केवळ आकड्यावर विसंबणारा नियम अपुरा पडतो. 'उपद्रवकारक लाटा उठवू नयेत' हे बंधन त्यासोबत असावेच लागते, जरी ते सिद्ध करणे कठीण असले तरी. त्यात पुन्हा लंडन पुलापाशी भरती-ओहोटीतील पातळीचा फरक 7 मीटरपर्यंत जातो. अशा प्रवाहात बोटीचा पाण्यासापेक्ष वेग आणि काठासापेक्ष वेग यांत मोठे अंतर पडते. लाटा पहिल्यावर अवलंबून असतात. काठावरून किंवा उपग्रहाद्वारे मोजला जातो तो दुसरा. नियमात वेग कशाच्या सापेक्ष, हे स्पष्ट असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ध्वनीचे नियमन निराळ्या टोकापासून, म्हणजे कारखान्यापासून सुरू होते. युरोपीय संघाच्या 2003 च्या निर्देशाने करमणुकीच्या बोटींसाठी इंजिनाच्या शक्तीनुसार 67, 72 व 75 डेसिबल अशा कमाल पातळ्या ठरविल्या आणि एकाहून अधिक इंजिने असल्यास 3 डेसिबलची सवलत दिली. ही सवलत मनमानी नाही : सारखे दोन ध्वनिस्रोत एकत्र आले की पातळी 3 डेसिबलनेच वाढते. 2013 च्या निर्देशात याच मर्यादा कायम राहिल्या. परंतु नव्या बोटीची चाचणी तिच्या पुढील आयुष्याची हमी देत नाही. झिजलेला सायलेन्सर किंवा छतावर चढवलेले ध्वनिवर्धक यांची दखल स्थानिक परवान्यातूनच घ्यावी लागते. शांत पाण्याचा पृष्ठभाग आवाज फारसा शोषत नाही. त्यामुळे रात्री नदीवरील संगीत जमिनीवरच्या तेवढ्याच आवाजापेक्षा दूरवर जाते.

मांडवीच्या काठी पणजीत राहणाऱ्यांस हा शेवटचा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक, वाणिज्य, निवासी व शांतता असे चारच प्रकारचे परिसर आहेत. निवासी परिसरासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही पातळी आहे. नदीच्या पात्राचा स्वतंत्र प्रकार त्यांत नाही. फिरती नौका वाणिज्य परिसरासमोरून निवासी परिसरासमोर काही मिनिटांत येते. तेव्हा मोजणी नौकेवर करावयाची की ऐकणाऱ्याच्या खिडकीशी, हा प्रश्न तांत्रिक दिसला तरी दंड कोणाला होणार हे त्यावरच ठरते.