नाव दोघांचे, हिशेब कोणाचा?

सख्ख्या भावंडांनी मिळून पुरुषांच्या तयार कपड्यांचा छोटा व्यवसाय थाटावा, कॉलरीच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवावी आणि कोणा बड्या कंपनीचे मिंधे न होता तो चालवावा, ही कल्पना मोहक आहे. नोकरीच्या आधारावर वाढलेल्या आपल्या मध्यमवर्गालाही ती आता परकी राहिलेली नाही. परंतु अशा पेढीचे खरे भांडवल कोणते आणि ते कशाने बुडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

न्यूयॉर्कमध्ये १८१८ साली हेन्री सँड्स ब्रुक्स याने कपड्यांचे दुकान काढले. त्याच्या पश्चात मुलांनी १८५० मध्ये त्याला ‘ब्रुक्स ब्रदर्स’ हे नाव दिले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा स्वयंसैनिकांचे गणवेश पुरविण्याचा ठेका या बंधूंना मिळाला. त्यांनी चिंध्यांपासून बनविलेल्या निकृष्ट कापडाचे गणवेश दिले आणि ते सैनिकांच्या अंगावरच विरू लागले. वृत्तपत्रांनी झोड उठविली. अखेर काही गणवेश पेढीला स्वतःच्या खर्चाने बदलून द्यावे लागले. बंधूंच्या नावाची पाटी ही सचोटीची हमी नव्हे, हे यातून दिसते. पण जाब कोणाला विचारायचा, हे त्या पाटीमुळेच लोकांना ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

पुढे १९४६ मध्ये ही पेढी कुटुंबाच्या हातून गेली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरने ती ७५ कोटी डॉलरना घेतली आणि २००१ मध्ये २२.५ कोटींना विकून टाकली. २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, ती पुन्हा विकली गेली आणि अमेरिकेतील तिचे तीन कारखाने बंद झाले. पाटीवर बंधू राहिले. जाब देणारे बंधू मात्र उरले नाहीत.

आपल्याकडेही दिल्लीच्या शंतनू व निखिल मेहरा या बंधूंच्या वस्त्रव्यवसायातील ५१ टक्के हिस्सा २०१९ मध्ये आदित्य बिर्ला समूहातील कंपनीने घेतला. यात गैर काही नाही. वाढायचे तर पैसा लागतो. मात्र निम्म्याहून अधिक हिस्सा म्हणजे केवळ नफ्याचा वाटा नव्हे, तर अखेरच्या शब्दाचा अधिकार, हे विकणाऱ्याने ओळखून असावे.

छोट्या पेढीवर ही वेळ का येते? एकच सदरा पाच-सहा मापांत शिवावा लागतो. मधली मापे खपतात, टोकाची पडून राहतात आणि पैसा त्यांत अडकतो. कापडाचे पैसे आधी मोजावे लागतात, शिंप्याची मजुरी थांबत नाही, दुकानदार मात्र माल खपल्यावर पैसे देतो. ही तूट भावंडे स्वतःचा पगार न घेता भरून काढतात. तो न घेतलेला पगार हेच त्यांचे भांडवल. आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते!

कायदाही येथे त्यांच्या मदतीला येत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही आणि नफा समसमान वाटला जातो. मग रात्री जागून बेतकाम करणारी बहीण आणि महिन्यातून एकदा डोकावणारा भाऊ हिशेबात सारखेच ठरतात. पेढीची देणी मात्र दोघांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही असतात.

‘घरच्या घरात कागद कशाला?’ असे वडीलधारे म्हणतात. त्यांना कागद म्हणजे अविश्वास वाटतो. वस्तुतः जिव्हाळा शाबूत असताना लिहिलेला कागद हाच जिव्हाळ्याचा रक्षक असतो; भांडणानंतर लिहायला बसलो तर हातात फक्त वकिलाची नोटीस येते. कोणाचे श्रम किती धरायचे, एकाने बाहेर पडायचे ठरविले तर त्याचा वाटा कसा मोजायचा, आणि पेढी विकलीच तर नाव कोणाकडे राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिला तागा कापण्यापूर्वी लिहून ठेवावीत. कापड बेतण्याआधी माप घ्यावे, हे ज्यांना शिकवावे लागत नाही, त्यांनी एवढे माप आपल्या नात्याचेही घ्यावे.