ग्लूटेन फ्री पिझ्झा घरून विकायचाय? मग आधी गिरणीची गोष्ट ऐका



मागच्या वर्षी आपल्या पुण्याच्या बॅचमध्ये एक ताई होत्या. हाताला चव, बोलायला गोड, आणि डोक्यात एकच कल्पना : ज्वारीच्या पिठाचा पिझ्झा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, शनिवार-रविवारच्या ऑर्डरी सुरू झाल्या. दीड महिन्यात आठवड्याला पंचवीस पिझ्झे जायला लागले.

मग एका आईचा फोन आला. मुलाचा नववा वाढदिवस होता. मुलाला सिलिअ‍ॅक होता, म्हणजे गहू अजिबात चालत नाही. "तुमचा पिझ्झा ग्लूटेन फ्री आहे ना?" ताई म्हणाल्या, "हो, शंभर टक्के. मैद्याचा कणसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. मुलाला रात्रभर उलट्या आणि पोटदुखी.

ताईंनी खोटं सांगितलं नव्हतं. ज्वारी त्यांनी स्वतः निवडून घेतली होती. पण दळली कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत. त्यांच्या आधी कोणाचे तरी दहा किलो गहू दळून झाले होते आणि जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ ताईंच्या डब्यात आलं.

मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. "सर, बंद करते मी हे." मी म्हटलं, बंद करायचं की नाही ते नंतर बघू. आधी त्या घरी जा आणि काय झालं ते खरं सांगा.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी धंदा समजून घेऊ.

"मैदा नाही" म्हणजे "ग्लूटेन नाही" असं नसतं

ग्लूटेन हे गहू, बार्ली म्हणजे जव, आणि राय या धान्यांत असणारं प्रथिन. पोळीच्या कणकेला जो चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या शरीरात ते गेलं की लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. ही आवडीनिवडीची किंवा डाएटची गोष्ट नाही. यावर उपाय एकच, तो पदार्थ आयुष्यभर टाळायचा.

आता आपल्याकडे होणाऱ्या चुका बघा. रवा, दलिया, शेवया हे सगळं गहूच. खपली गहू पचायला हलका म्हणून लोक "ग्लूटेन फ्री" सांगून विकतात, पण खपलीसुद्धा गहूच आहे. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. थालिपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी मूठभर गहू पडतोच. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. आणि सगळ्यात मोठा छुपा रुस्तम म्हणजे हिंग! बाजारातल्या बऱ्याच डब्यांतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे तुम्ही वरण-भात दिलात, गव्हाचा संबंध नाही, पण फोडणीने घात केला. तांदळाचं पीठ मिसळलेला हिंगही मिळतो. डब्यामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा.

आपल्या देशाच्या नियमानुसार "ग्लूटेन फ्री" लिहायचं असेल तर एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. हे डोळ्यांनी दिसत नाही, प्रयोगशाळेत तपासावं लागतं. म्हणून सुरुवातीला माझा सरळ सल्ला असा : तपासणी होईपर्यंत पाकिटावर "ज्वारी-तांदळाचा पिझ्झा" एवढंच लिहा. जे सिद्ध करता येत नाही ते छापू नका.

स्वयंपाकघराची शिस्त

घरी पोळ्या होणारच. मग काय करायचं?

1. दळण स्वतःचं. घरघंटी घेतली तर तिच्यात गहू कधीच टाकायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. ज्वारीत गव्हाचे दाणे मिसळलेले असतात, ते निवडून, ज्वारी धुऊन, वाळवून मगच दळा.
2. लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी आणि डबे वेगळे. लाकडाच्या भेगेत आणि चाळणीच्या जाळीत पीठ अडकून बसतं.
3. ज्या दिवशी ऑर्डर त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात कणीक मळायची नाही. कोरडं पीठ हवेत उडतं आणि तासन्‌तास खाली बसत राहतं.
4. सॉस, चीज, मसाला, बेकिंग पावडर या प्रत्येक वस्तूच्या वेष्टनाचा फोटो काढून ठेवा. ग्राहकाने विचारलं तर दोन मिनिटांत दाखवता आला पाहिजे.

आता रेसिपी : 8 इंचांचे 4 बेस

ज्वारीचं पीठ 200 ग्रॅम, तांदळाचं पीठ 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 100 ग्रॅम, इसबगोल 20 ग्रॅम, साखर 10 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, तेल 25 मिलि, कोमट पाणी साधारण 380 मिलि.

यातली खरी किल्ली इसबगोल. ग्लूटेन नाही म्हणजे पीठ बांधून ठेवणारं कोणी नाही. ज्वारीची भाकरी थंड झाली की तिला तडे जातात, तेच इथे होणार. इसबगोल पाण्यात फुगून चिकट होतो आणि ते काम सांभाळतो. म्हणून तो आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा. मग त्यात यीस्ट, साखर, पिठं, मीठ, तेल घालून मळा. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल वाटेल, घाबरू नका. वरून पीठ टाकत बसलात तर बेस दगड होईल.

चार गोळे करा. बटर पेपरवर ओल्या हाताने भाकरीसारखे थापा, लाटू नका. 40 मिनिटं झाकून ठेवा. 220 अंशांवर नुसता बेस 10-12 मिनिटं भाजा. मग सॉस, भाज्या, चीज घालून आणखी 8-10 मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून बेस दोन्ही बाजूंनी भाजा आणि मग टॉपिंग घाला. नुसता भाजलेला बेस गार करून फ्रीझरमध्येही राहतो, म्हणजे ऑर्डरच्या दिवशी निम्मं काम आधीच झालेलं असतं.

हिशोब

मी उदाहरणासाठी भाव धरतो, तुम्ही तुमच्या गावचे टाका. एका बेसचं सामान 14 रुपये. सॉस, चीज, भाज्या 47. खोका 10. वीज किंवा गॅस 8. झाले 79. इथे बहुतेक ताई-दादा थांबतात आणि म्हणतात, "120 ला विकू, 41 सुटले!"

अहो, तुमची मजुरी कुठंय? 20 पिझ्झ्यांना 5 तास लागले आणि तासाला 100 रुपये धरले, तर एका पिझ्झ्यामागे 25. झाले 104. नासधूस 5 रुपये धरा. 109. म्हणजे 120 ला विकून तुमच्या हातात 11 रुपये. त्यातून तपासणी, भांडी, घरघंटीचा खर्च कसा निघणार? हाच पिझ्झा 180 ला विकला तर 71 उरतात. स्वस्त पिझ्झा खाणारा तुमचा ग्राहक नाही. ज्याला बाहेर कुठेच खाता येत नाही तो तुमचा ग्राहक आहे, आणि तो विश्वासाचे पैसे देतो.

विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. घरून विकलं तरी ती लागते.

आणखी एक. ग्राहकाला वैद्यकीय सल्ला देऊ नका. "गहू सोडा, वजन उतरेल" वगैरे बोलायचं नाही. कोणाला सिलिअ‍ॅकची शंका असेल तर आधी डॉक्टरकडे पाठवा, कारण तपासणीच्या आधीच गहू सोडला तर रक्ताच्या चाचणीत आजार निसटू शकतो.

आणि त्या ताईंचं काय झालं?

त्या त्या घरी गेल्या. गिरणीची गोष्ट जशी घडली तशी सांगितली, पैसे परत दिले. आई चिडलेली होती, ते साहजिकच होतं. ताईंनी दोन महिने ऑर्डर घेणं थांबवलं. घरघंटी घेतली, भांडी वेगळी केली, बेस प्रयोगशाळेत तपासून घेतला. अहवाल आला तेव्हा तो सगळ्यात आधी त्या आईला पाठवला, "ऑर्डर द्या" असं एक अक्षरही न लिहिता.

तीन आठवड्यांनी ऑर्डर आली. एकाची नाही, सहा पिझ्झ्यांची. ताईंनी विचारलं, "बाकीच्यांना साधा चालेल ना?" आई म्हणाली, "नको. दरवेळी सगळे एक खातात आणि हा वेगळ्या डब्यातलं. आज सगळे त्याचंच खातील."

मित्रांनो, या वाक्यात तुमचा पुढचा धंदा आहे. ताई आता फक्त पिझ्झा विकत नाहीत. रविवारचा "घरच्या सगळ्यांचा डबा" देतात : भाकरी-पिठलं, घावन-चटणी, उकडीचे मोदक, मागणी असेल तर पिझ्झा. यातले बहुतेक पदार्थ आपल्या आज्या करतच होत्या. ताईंनी फक्त हिंग बदलला आणि गिरणी बदलली.

तर या रविवारचा गृहपाठ : तुमच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर काढा आणि कुठे कुठे गहू लपलाय त्याची यादी करा. पिझ्झा त्यानंतर. भेटू पुढच्या व्हिडिओत!